लहान आर.एन.ए. आणि जनुकांचे नियमन : हैदराबाद येथील फळमाशीवरील संशोधनाचा परिचय

सजीवाच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संपूर्ण संच असतो. डोळ्याच्या पेशीत जी जनुके असतात, तीच आतड्याच्या पेशीतही असतात. असे असूनही डोळ्याची पेशी पाहण्याचे काम करते आणि आतड्याची पेशी अन्न पचविण्याचे. याचा अर्थ असा की, पेशीजवळ कोणती जनुके आहेत एवढेच महत्त्वाचे नसून त्यांपैकी कोणती चालू आहेत आणि कोणती बंद आहेत, यावर तिचे कार्य अवलंबून असते.

जनुके बंद ठेवण्याचे काम केवळ काही प्रथिने करतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. गेल्या सुमारे ३० वर्षांतील संशोधनामुळे या समजुतीत मोठी भर पडली. आर.एन.ए. या द्रव्याचे अगदी आखूड तुकडे विशिष्ट प्रथिनांना वाट दाखवितात आणि त्या प्रथिनांकरवी नेमके जनुक शांत केले जाते, असे आढळून आले. फळांभोवती घोंघावणाऱ्या एका क्षुद्र माशीवरील प्रयोगांनी हे ज्ञान पुढे नेले आणि त्यात हैदराबाद येथील प्रयोगशाळांचा वाटा उल्लेखनीय आहे. या कार्याची माहिती शिक्षक, विद्यार्थी व जिज्ञासू नागरिक यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ दप्तर आणि त्याची नक्कल

हा विषय समजण्यासाठी गावच्या दप्तराचे उदाहरण उपयोगी पडेल. जमिनीची मूळ नोंद दप्तरात राहते. ती कोणी घरी नेत नाही. ज्याला गरज असेल त्याला तिची नक्कल मिळते आणि त्या नकलेच्या आधारे पुढील व्यवहार होतो. पेशीतही अशीच व्यवस्था आहे. पेशीच्या मध्यभागी असलेले केंद्रक हे दप्तरखाना होय. तेथे डी.एन.ए. या द्रव्याच्या लांब धाग्यांवर जनुकांच्या मूळ नोंदी असतात. एखाद्या जनुकाचा उपयोग करावयाचा झाला, म्हणजे त्याची आर.एन.ए. रूपातील नक्कल काढली जाते. या क्रियेस प्रतिलेखन असे म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तीवरील मजकुरानुसार प्रथिन तयार होते.

आता एखाद्या नोंदीचा उपयोग थांबवावयाचा असेल तर दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग म्हणजे बाहेर पडलेल्या नकला फाडून टाकणे. दुसरा मार्ग म्हणजे मूळ कागदच रुमालात घट्ट बांधून ठेवणे, जेणेकरून त्याची नक्कल काढताच येऊ नये. पहिल्या मार्गात नकला निघतच राहतात आणि त्या सतत फाडत बसावे लागते. दुसऱ्या मार्गात नक्कल निघणेच बंद होते. पेशी या दोन्ही मार्गांचा अवलंब करते. हे दोन मार्ग एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत की त्यांचे मूळ कोठेतरी एकत्र येते, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

ही फळमाशी कोणती ?

शेतकरी बांधव ज्या किडीस फळमाशी म्हणतात, ती आंबा, पेरू इत्यादी फळांना डंख करून आत अंडी घालते व फळे सडविते. तिचा बंदोबस्त करण्यासाठी बागेत मिथाईल युजेनॉलचे सापळे लावतात. ती माशी बॅक्ट्रोसेरा या वंशातील आहे. संशोधकांची फळमाशी तिच्याहून वेगळी आणि पुष्कळ लहान असते. अतिपक्व केळी उघडी ठेवली असता चिलटासारख्या ज्या बारीक माश्या त्यांवर जमतात, त्यांत ही आढळते. तिचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर असे असून तिची लांबी सुमारे ३ मिलिमीटर असते.

ही माशी संशोधनास सोयीची ठरली याची कारणे साधी आहेत. काचेच्या लहान बाटलीत शेकडो माश्या वाढविता येतात. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास सुमारे १० दिवसांत पुरा होतो. तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या केवळ ४ जोड्या असतात. न्यूयॉर्क येथे टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला आणि त्यावरून जनुके गुणसूत्रांवर असतात या सिद्धान्तास बळकटी मिळाली. डोळ्यास रंग येण्यासाठी आवश्यक असलेल्या या जनुकास ‘व्हाइट’ हे नाव पडले. पुढील प्रयोगांत या जनुकाचा पुन्हा पुन्हा उल्लेख येणार आहे. माशीच्या डोळ्यात लाल रंग किती आला, हे सूक्ष्मदर्शकातून पाहिले की हे जनुक चालू आहे की बंद, याचा अंदाज येतो.

भारतातही या माशीवरील अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या चव व गंध ओळखण्याच्या शक्तीचा अभ्यास केला. वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठातही तिच्या गुणसूत्रांवर दीर्घकाळ संशोधन झाले.

हैदराबाद येथील संस्था

१९५६ पूर्वी मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग होता. त्यामुळे उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्यांची पावले हैदराबादकडे वळत. त्या शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. तेथील औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा १९४४ मध्ये स्थापन झाली. पुढे ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धी पावली. याच परिसरात १९७७ मध्ये पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची उभारणी सुरू झाली. डॉ. पुष्प भार्गव हे त्याचे संस्थापक संचालक होत. केंद्राची नवी वास्तू १९८७ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून सी.सी.एम.बी. या नावाने हे केंद्र देशभर ओळखले जाते.

डॉ. उत्पल भद्रा यांनी या केंद्रात जनुकांच्या शांत होण्याच्या क्रियेचा अभ्यास करणारा गट चालविला. डॉ. मनिका पाल-भद्रा यांनी पुढे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत कार्य केले. या उभयतांच्या या विषयावरील संशोधनाचा आरंभ अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात, डॉ. जेम्स बर्चलर यांच्या प्रयोगशाळेत झाला होता.

जनुके वाढविली, उत्पादन घटले

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद करण्याच्या हेतूने रंग बनविणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत रोपांत घातली. अपेक्षा अशी की जनुके अधिक झाली तर रंगही अधिक होईल. प्रत्यक्षात अनेक झाडांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली. जादा जनुकाने आपले काम केले नाहीच, शिवाय झाडातील मूळ जनुकही गप्प बसविले.

प्राण्यांतही असे घडते काय, याचा शोध पाल-भद्रा, भद्रा व बर्चलर यांनी फळमाशीत घेतला. त्यासाठी त्यांनी ‘एडीएच’ हे जनुक निवडले. या जनुकापासून मद्यार्काचे विघटन करणारे विकर तयार होते. आंबलेल्या फळात वाढणाऱ्या अळीस त्याची गरज असते, कारण आंबण्याच्या क्रियेत मद्यार्क निर्माण होतोच. प्रत्येक जनुकाच्या आरंभी नक्कल काढण्यास कोठून सुरुवात करावयाची हे सांगणारा भाग असतो. त्यास प्रवर्तक म्हणतात. संशोधकांनी ‘व्हाइट’ जनुकाचा प्रवर्तक ‘एडीएच’ जनुकास जोडला आणि अशा जोड-जनुकाच्या २ पासून ६ पर्यंत प्रती माशीत घातल्या.

प्रती वाढत गेल्या तसतसे या जनुकांचे कार्य वाढण्याऐवजी घटत गेले. माशीच्या स्वतःच्या ‘एडीएच’ जनुकाचे कार्यही कमी झाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. पॉलिकोम्ब नावाचे एक प्रथिन गुणसूत्रांवर बसून जनुके बंद ठेवते. शांत झालेल्या जोड-जनुकांच्या जागी हे प्रथिन आढळले आणि ज्या माश्यांत पॉलिकोम्बच्या जनुकात दोष होता, त्यांत ही शांतता कमी झाली. म्हणजे येथे नकला फाडल्या जात नसून मूळ कागदच बांधला जात असावा, असा संकेत मिळाला.

आखूड तुकड्यांचा शोध

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म गोलकृमीवर प्रयोग करून दाखविले की, दुहेरी धाग्याचा आर.एन.ए. पेशीत गेला असता त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचे कार्य थांबते. या शोधास २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील संशोधनातून या क्रियेचे टप्पे उलगडले. डायसर नावाचे प्रथिन दुहेरी आर.एन.ए. चे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते. यांपैकी एक तुकडा आर्गोनॉट या कुळातील प्रथिनात जाऊन बसतो. आर.एन.ए. वरील अक्षरांची जोडी ठरलेली असते. एका धाग्यावरील अक्षरास दुसऱ्या धाग्यावरील विशिष्ट अक्षरच जुळते. त्यामुळे आपल्या तुकड्याशी जुळणारी नक्कल शोधून आर्गोनॉट प्रथिन ती कापून टाकते.

येथे आर्गोनॉट प्रथिन हा जणू पहारेकरी आणि लहान आर.एन.ए. ही त्याच्या हातातील चिठ्ठी होय. चिठ्ठीवर जो गट क्रमांक असेल तेथेच पहारेकरी जाईल. पहारेकऱ्यात बदल न करता केवळ चिठ्ठी बदलली तरी तो दुसऱ्या ठिकाणी पोचतो. या साध्या योजनेमुळे थोडक्या प्रथिनांना असंख्य जनुकांवर लक्ष ठेवता येते.

फळमाशीत या कुळातील ५ प्रथिने आहेत. आर्गोनॉट-१ व आर्गोनॉट-२ ही शरीरातील बहुतेक पेशींत काम करतात. पिवी, ऑबर्जिन व आर्गोनॉट-३ ही प्रामुख्याने अंडकोश व वृषण यांत आढळतात. या शेवटच्या ३ प्रथिनांच्या चिठ्ठ्या किंचित लांब, म्हणजे सुमारे २३ ते २९ अक्षरांच्या असतात आणि त्या तयार होण्यास डायसरची आवश्यकता नसते. यांपैकी पिवी हे प्रथिन मुख्यतः केंद्रकात राहते. दप्तरखान्याच्या आतच ज्याचा मुक्काम आहे असा हा पहारेकरी असल्यामुळे प्रतिलेखनाच्या प्रश्नात त्याला विशेष महत्त्व आले.

२००२ मध्ये पाल-भद्रा, भद्रा व बर्चलर यांनी पुढील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘व्हाइट’ च्या प्रवर्तकाने चालणारे ‘एडीएच’ जनुक प्रतिलेखनाच्या पातळीवरच बंद होते. याउलट संपूर्ण ‘एडीएच’ जनुकाच्या पुष्कळ प्रती घातल्या असता नकला निघतात, परंतु नंतर नष्ट होतात आणि त्या वेळी २१ ते २५ अक्षरांचे लहान आर.एन.ए. तुकडे आढळतात. पिवीच्या जनुकात दोष असलेल्या माश्यांत मात्र नकला नष्ट होण्याची क्रिया थांबली आणि प्रतिलेखन बंद होण्याच्या क्रियेचाही एक भाग थांबला. नकला फाडण्याचा आणि कागद बांधण्याचा, असे दोन्ही मार्ग एका प्रथिनाशी निगडित असल्याचे यावरून दिसून आले.

ठिपकेदार डोळ्यांची साक्ष

केंद्रकातील डी.एन.ए. मोकळा पडलेला नसतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. काही भागांत ही गुंडाळी सैल असते. तेथील जनुकांची नक्कल काढता येते. काही भाग अत्यंत घट्ट बांधलेले असतात. त्यांस हेटरोक्रोमॅटिन म्हणतात. हेच दप्तरातील बांधून ठेवलेले रुमाल होत. अशा भागात हिस्टोन-३ या प्रथिनाच्या नवव्या घटकावर मिथाईल गटाची एक रासायनिक खूण असते. ती खूण ओळखून एचपी-१ नावाचे प्रथिन तेथे बसते आणि बांधणी पक्की होते.

हरमन मुलर यांनी १९३० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने अशा माश्या मिळविल्या की ज्यांच्या डोळ्यांत लाल व पांढरे ठिपके मिसळलेले होते. त्यांचे ‘व्हाइट’ जनुक शाबूत होते, परंतु गुणसूत्राची मोडतोड होऊन ते घट्ट बांधलेल्या भागाच्या शेजारी जाऊन पडले होते. काही पेशींत ते बांधणीत सापडून बंद झाले व काहींत चालू राहिले. म्हणून डोळा ठिपकेदार झाला.

या ठिपक्यांचा उपयोग करून हैदराबाद, मिसूरी व सेंट लुईस येथील संशोधकांनी २००४ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात पाल-भद्रा, भद्रा व बर्चलर यांच्यासह सेंट लुईस येथील सारा एल्गिन यांचा सहभाग होता. पिवी, ऑबर्जिन किंवा स्पिंडल-ई या जनुकांत दोष असलेल्या माश्यांत बंद पडलेले ‘व्हाइट’ जनुक पुन्हा चालू होऊ लागले आणि डोळ्यात लाल रंग वाढला. हिस्टोनवरील मिथाईलची खूण कमी झाली. एचपी-१ प्रथिन आपल्या नेहमीच्या जागेवरून विस्कळित झाले. स्पिंडल-ई मधील दोषात हा परिणाम सर्वांत ठळक होता. लहान आर.एन.ए. शी संबंधित यंत्रणा बिघडली की रुमालाची गाठ सैल होते, असा या प्रयोगाचा सारांश आहे. याच सुमारास, म्हणजे २००२ मध्ये, एका यीस्टमध्येही लहान आर.एन.ए. यंत्रणेचा हेटरोक्रोमॅटिनशी असलेला संबंध उघडकीस आला होता.

२००६ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथील जाकोमो कावाल्ली यांच्या गटाने हैदराबादच्या संशोधकांच्या सहकार्याने आणखी एक बाब दाखविली. पॉलिकोम्बच्या नियंत्रणाखालील दूरदूरचे जनुकभाग केंद्रकात एकमेकांजवळ येतात. डायसर-२, पिवी व आर्गोनॉट-१ यांपैकी एखाद्यात दोष असल्यास हे जवळ येणे टिकत नाही.

शंका आणि तिचा उलगडा

विज्ञानात एखादा निष्कर्ष प्रसिद्ध झाला म्हणजे तो कायमचा सिद्ध झाला असे होत नाही. उपर्युक्त निष्कर्षाबाबत एक रास्त शंका होती. पिवी हे प्रथिन प्रामुख्याने प्रजननेंद्रियांत आढळते. मग डोळ्याच्या जनुकावर त्याचा परिणाम कसा व्हावा ? २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले की, आर्गोनॉट कुळातील प्रथिने नसतानाही एचपी-१ बहुतेक ठिकाणी नेहमीप्रमाणे पोचते. त्यामुळे लहान आर.एन.ए. शिवाय बांधणी होतच नाही, असे सरसकट म्हणता येईना.

या प्रश्नावर २०१३ मध्ये एल्गिन यांच्याच प्रयोगशाळेतून उजेड पडला. मादी अंडे तयार करताना त्यात स्वतःचे पिवी प्रथिन ठेवते. हा मातेकडील पुरवठा कमी केला असता, पुढे वाढलेल्या माशीतही काही ठिकाणची बांधणी ढिली राहिली. म्हणजे पिवीचे कार्य गर्भाच्या अगदी आरंभीच्या काळात घडून जाते. एकदा गाठ बसली की ती टिकवून धरण्याचे काम पुढे इतर प्रथिने करतात. प्रौढ माशीच्या डोळ्यात पहारेकरी दिसला नाही तरी त्याने गर्भावस्थेत मारलेली गाठ तेथे असू शकते. पूर्वीचे निष्कर्ष त्यामुळे रद्द झाले नाहीत, मात्र त्यांची मर्यादा व वेळ निश्चित झाली.

पहाऱ्याचे खरे प्रयोजन

एवढी गुंतागुंतीची व्यवस्था माशीत कशासाठी असावी ? याचे उत्तर तिच्या अस्तित्वाशी निगडित आहे. डी.एन.ए. मध्ये काही भाग असे असतात की ते आपली जागा सोडून किंवा आपली प्रत काढून गुणसूत्रावर दुसरीकडे जाऊन बसतात. त्यांस उड्या मारणारी जनुके म्हणता येईल. ती चालू जनुकाच्या मधोमध जाऊन बसली तर ते जनुक निकामी होते. अंडे व शुक्रपेशी यांत असे घडल्यास हानी पुढच्या पिढीस भोगावी लागते. पिवीच्या जनुकात दोष असलेली माशी जगते, परंतु तिला संतती होत नाही. वंशाचे रक्षण हे या पहाऱ्याचे मुख्य काम होय.

या कामाची रीत आता बऱ्याच अंशी ज्ञात झाली आहे. माशीच्या गुणसूत्रांवर काही विशिष्ट जागी उड्या मारणाऱ्या जनुकांचे जुने, मोडके अवशेष साठलेले असतात. ‘फ्लेमेंको’ ही अशीच एक प्रसिद्ध जागा आहे. या अवशेषांपासून लहान आर.एन.ए. तयार होतात. पूर्वी पकडलेल्या गुन्हेगारांचे ठसे जपून ठेवावेत, तसाच हा प्रकार आहे. हे ठसे घेऊन पिवी केंद्रकात फिरते. उड्या मारणाऱ्या जनुकाची नक्कल निघू लागली की त्या अर्धवट नकलेशी चिठ्ठीतील अक्षरे जुळतात आणि पिवी तेथे थांबते. मग पॅनोरॅमिक्स नावाच्या साहाय्यक प्रथिनाच्या मध्यस्थीने इतर विकरे तेथे येतात, हिस्टोनवर मिथाईलची खूण करतात, एचपी-१ बसते आणि प्रतिलेखन थांबते. २०१२ ते २०१५ या काळातील प्रयोगांनी हे टप्पे स्पष्ट केले. यात एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जनुक बंद करण्यासाठी ते जनुक थोडे तरी चालू व्हावे लागते, कारण नक्कल निघाल्याखेरीज चिठ्ठी जुळविणार कशाशी ?

या रक्षणात मातेचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकात ‘पी’ नावाचे एक उडी मारणारे जनुक जगभरातील रानटी फळमाश्यांत पसरले. त्यापूर्वी प्रयोगशाळेत आणून वाढविलेल्या माश्यांच्या कुळांत ते नव्हते. रानटी नर व प्रयोगशाळेतील मादी यांचा संकर केला असता संतती वंध्य निघे. रानटी मादी व प्रयोगशाळेतील नर घेतल्यास मात्र संतती सुदृढ होई. रानटी मादी आपल्या अंड्यातून ‘पी’ विरुद्धच्या चिठ्ठ्या पिल्लांस देते, प्रयोगशाळेतील मादीजवळ त्या नसतात, हे याचे कारण २००८ मध्ये उघड झाले. जनुकांखेरीज लहान आर.एन.ए. च्या रूपानेही माता संततीस वारसा देते, हे यावरून कळून येते.

पहारेकऱ्यांचे काम केवळ बंद करण्यापुरते आहे काय, हाही अभ्यासाचा विषय आहे. डायसर-२ व आर्गोनॉट-२ ही प्रथिने चालू जनुकांच्या जागीही आढळतात आणि उष्णतेने चालू होणाऱ्या जनुकांवर नक्कल काढणाऱ्या विकराची हालचाल त्यांच्या अभावी बिघडते, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसून आले.

उपयोग आणि मर्यादा

मानवातही पिवी गटाची ४ प्रथिने आहेत. मानवाच्या डी.एन.ए. चा जवळजवळ निम्मा भाग उड्या मारणाऱ्या जनुकांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे. म्हणून पुरुषांतील वंध्यत्वाच्या काही प्रकारांचे मूळ शोधताना माशीवरील ज्ञानाचा आधार घेतला जातो.

नकला नष्ट करण्याच्या पहिल्या मार्गाचा व्यवहारात उपयोग सुरू झाला आहे. एका आनुवंशिक चेताविकारावरील या तत्त्वाच्या पहिल्या औषधास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. बटाट्यावरील भुंगेऱ्याविरुद्ध फवारावयाच्या दुहेरी आर.एन.ए. च्या कीटकनाशकास तेथे २०२३ मध्ये नोंदणी देण्यात आली. ठरावीक किडीच्या जनुकाशीच चिठ्ठी जुळत असल्यामुळे मधमाशीसारख्या उपयुक्त कीटकांना कमी अपाय व्हावा, अशी यामागील कल्पना आहे. तथापि वर वर्णिलेला दुसरा मार्ग, म्हणजे पिवीद्वारे प्रतिलेखन थांबविणे, हा अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतील अभ्यासाचा विषय आहे. यास्तव जनुके बंद करण्याच्या नावाखाली कोणी औषध अथवा फवारणी विकू लागल्यास, शासनाच्या संबंधित विभागाकडे चौकशी केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

फळमाशीचा अभ्यास करण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीत अतिपक्व केळ्याचा तुकडा ठेवून ती एक दिवस उघडी ठेवावी. माश्या आत आल्यावर तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा व बाटली सावलीत ठेवावी. काही दिवसांनी माश्या सोडून दिल्यास फळात पांढऱ्या अळ्या, नंतर बाटलीच्या काचेवर तपकिरी कोश आणि शेवटी नव्या माश्या दिसू लागतील. विद्यार्थ्यांनी रोजची नोंद तारखेसह ठेवावी. साध्या भिंगातून लाल डोळे पाहता येतात. पोटाचा मागील भाग काळा असलेले नर आणि किंचित मोठ्या, पट्टेदार पोटाच्या माद्या या जातीत ओळखता येतात. बाटलीत इतर जातींच्या माश्याही येण्याचा संभव असतो. त्यांतील फरक टिपणे हाही एक चांगला पाठ होईल.

समारोप

अधिक जनुके घातली असता कार्य कमी का होते, या एका विसंगतीपासून हा अभ्यास सुरू झाला. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर चुकीचे म्हणून बाजूस न सारता संशोधकांनी त्याचा पिच्छा पुरविला. त्यातून असे कळले की, पेशी केवळ नकोशा नकला फाडत नाही, तर लहान आर.एन.ए. च्या चिठ्ठीवरून मूळ नोंदीपर्यंत पोचून ती बांधून ठेवू शकते. या दोन मार्गांना जोडणारा दुवा दाखविण्यात आणि बांधणी सैल कशी होते याची साक्ष माशीच्या डोळ्यातून मिळविण्यात हैदराबादच्या संशोधकांचा हातभार लागला. त्या निष्कर्षांवर शंका घेणाऱ्यांनीही या ज्ञानात भर घातली, कारण त्यांच्यामुळेच पिवीचे कार्य केव्हा व कोठे घडते हे नेमके कळले. उघड्या केळ्यावर बसलेली माशी हाताने उडवून लावण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि तिच्याविषयी एखादा प्रश्न विचारला, तर विज्ञानाच्या अभ्यासास तेथूनच आरंभ होईल.